श्रीमंत यशवंतराव होळकर आणि त्यांच्या मोटारीचा रंग

इंदूरचे अखेरचे राज्यकर्ते श्रीमंत यशवंतराव होळकर यांचे निधन ५ डिसेंबर १९६१ रोजी झाले. त्यास साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. उज्जैनच्या वाचकांना त्यांचे चरित्र सांगावयाचे म्हणजे थोडी उसनवारीच. कारण आमची अवंतिका शिंदे सरकारच्या मुलखात होती, आणि इंदूरच्या रस्त्याने जाणाऱ्यास सांवेरच्या आसपास राज्य बदलल्याची जाणीव होई. परंतु दोन राज्यांच्या सीमा गाण्याला कधी अडवू शकल्या नाहीत. माझे वडील होळकर दरबारच्या गुणीजनखान्यात अगदी शेवटच्या दिवसांत, मिसरूड फुटण्याच्या वयात, लागले होते. राज्य विलीन झाले तेव्हा ते अठराचे होते, आणि मी जन्मलो तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, मात्र दरबाराच्या गोष्टींवर वाढलो. त्या गोष्टींत गवयांच्या खालोखाल मान कुणाचा असेल तर महाराजांच्या मोटारींचा.

गाण्याच्या मास्तराने मोटारींवर लिहावे याचे कुणाला नवल वाटेल. त्याचा खुलासा ओघाने येईलच.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. वडील तुकोजीराव तिसरे हे हौशी, खर्चिक आणि गुणग्राहक. इंदूरचा दरबार गाण्याचे मोठे ठाणे होता. धृपदिये नसीरुद्दीन खाँ डागर याच दरबारचे, आणि पुढे ज्यांच्या विलंबित ख्यालाने अवघा देश भारावला त्या अमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ हेही इंदूरचेच सारंगिये. असा दरबार मुलाच्या कानी पडत असताना मुलाला शिक्षणासाठी विलायतेस पाठविण्यात आले. चार्टरहाउस ही शाळा, नंतर ऑक्सफर्डचे ख्राइस्ट चर्च कॉलेज. मध्यंतरी १९२४ साली कागलकर घाटग्यांच्या कन्या संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वर पुरता सोळाचाही नव्हता. वधू त्याहून लहान. पुढे संयोगिताराजेही शिक्षणासाठी विलायतेस गेल्या.

आणि मग ते प्रकरण झाले. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर एक मोटार अडवून अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्या शेजारी बसलेली मुमताज बेगम, पूर्वी इंदूर दरबारात नाचगाणे करणारी, तिच्या चेहऱ्यावर वार झाले. हल्लेखोरांचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. खटला गाजला, आरोपींच्या बचावास बॅरिस्टर जिनांसारखे वकील उभे राहिले. शेवटी इंग्रज सरकारने तुकोजीरावांपुढे दोन वाटा ठेवल्या, चौकशीस सामोरे जा अथवा गादी सोडा. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांनी गादी सोडली. अशा रीतीने यशवंतराव सतराव्या वर्षी महाराज झाले. एका मोटारीच्या पायी वडिलांचे राज्य गेले आणि मुलाकडे आले. मोटारींचा शौक मात्र मुलाला सुटला नाही, उलट वाढला. माणसाच्या मनाचे हे चक्र मला कधी उलगडले नाही.

कुलमुखत्यारी त्यांच्या हाती १९३० साली आली. त्यापूर्वी ऑक्सफर्डच्या काळातच त्यांची गाठ एकार्ट म्युथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाशी पडली होती. हा महाराजांहून चार वर्षांनी मोठा. त्याचे वडील हेरमान म्युथेसियस हे जर्मनीतील नव्या कारागिरीच्या चळवळीचे एक अग्रणी. वाड्यांची नक्षी, कमानी, झुंबरे, वाघाची कातडी हे सारे बाजूस सारून एक साधे, लख्ख, यंत्रयुगाचे घर बांधावयाचे असे या दोघांनी ठरविले. त्यातून माणिकबाग उभी राहिली. १९३० ते १९३३ या वर्षांत काम झाले. लोखंडी चौकटीच्या खिडक्या आल्या, थंड हवा खेळविणारी यंत्रे आली, अंगातच दिवे बसविलेल्या लाल खुर्च्या आल्या. पॅरिसहून रूलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए यांच्या हातचे सामान आले, दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे आले. आमच्या माळव्यात चुन्याच्या भिंती आणि शिसवी पलंग पाहून मोठी झालेली माणसे तो वाडा पाहून काय म्हणाली असतील याची कल्पनाच करावी. वडील सांगत की गवयांच्या मंडळींना तेथले बसणे अवघड वाटे. गुळगुळीत भिंतींमुळे तंबोऱ्याचा आवाज जरा टणक होऊन परत येई. खरे-खोटे ते जाणोत. पण तसे होऊ शकते, एवढे मी माझ्या शिकवणीच्या खोलीवरून सांगतो.

चित्रकार बर्नार बुते द मोंवेल याने महाराजांची दोन मोठी चित्रे काढली. एक १९२९ चे, पाश्चात्त्य संध्यावेषातले, काळा कोट आणि काळा झगा. दुसरे नंतरचे, मराठा पोषाखातले, पांढऱ्या बैठकीवर पांढरी वस्त्रे आणि डोक्यास होळकरी पागोटे. उंच, कृश, लांब बोटांचा पुरुष. दोन्ही चित्रांत चेहरा तोच आहे, आणि दोन्हींत तो पाहणाऱ्याकडे थोडा दुरूनच पाहतो. मॅन रे या छायाचित्रकाराने महाराज आणि संयोगिताराजे यांची काढलेली छायाचित्रे मात्र वेगळी. त्यांत दोघे हसतात, एकमेकांच्या खांद्यावर रेलतात. राजाराणीची अशी छायाचित्रे त्या काळी हिंदुस्थानात फारशी निघत नसत.

आता मोटारींकडे येतो. महाराजांच्या संग्रहात पुष्कळ गाड्या होत्या, पण सर्वांत गाजली ती ड्युसेनबर्ग. ही अमेरिकन कंपनी मुळात शर्यतवाल्यांची. फ्रेड आणि ऑगस्ट या ड्युसेनबर्ग बंधूंची गाडी १९२१ साली फ्रान्सच्या ग्रां प्रीत पहिली आली होती, आणि इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत त्यांच्या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ साली जिंकली होती. त्या शर्यतीच्या विद्येतून रस्त्यावरची जी थोर गाडी निघाली तिच्या एका अतिशक्तिमान प्रकाराची मागणी महाराजांनी नोंदविली. आठ नळकांड्यांचे, जवळजवळ सात लिटरांचे यंत्र. हवा दाबून आत भरणारा पंखा. कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. सांगाडा अमेरिकेहून लंडनला गेला, तेथे गर्नी नटिंग या नामांकित कारखान्याने त्यावर शरीर चढविले. १९३५-३६ च्या सुमारास ती तयार झाली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे पावणेतेरा फूट, आणि एवढ्या लांबीच्या गाडीत आसने किती, तर दोन! मागे सारा उतरता, निमुळता होत गेलेला पाठीचा भाग. पुढे इतर दिव्यांबरोबर लाल आणि निळे दिवे; महाराज स्वतः चालवीत आहेत की दुसरे कोणी, हे रस्त्यावरच्या पोलिसांना दुरूनच कळावे म्हणून ते बसविले होते असे तिच्या वर्णनात येते.

आणि रंग केशरी व काळा.

या रंगावर माझे मन का अडकले ते सांगतो. माझ्याकडे गाणे शिकणारा एक तरुण आहे. गळा बरा आहे, रियाज कमी. रविवारी तो हौशी मोटार-शर्यतींना जातो. कुठल्या तरी मोकळ्या मैदानात टायरांच्या राशी आणि रंगीत शंकू मांडून वळणे आखतात, आणि घरच्याच गाड्या घेऊन ही मुले घड्याळाशी झुंजतात. बक्षीस नाममात्र. सोमवारी मात्र गाडीच्या कुशीवर काळे फराटे, दरवाजावर दुसऱ्याच्या गाडीचा रंग, मडगार्डावर खड्यांचे टवके. एकदा त्याच्या वडिलांच्या नजरेस पडण्याआधी ते काढावयाचे म्हणून तो देवासगेटच्या बाजूस एका वृद्ध रंगाऱ्याकडे निघाला, आणि मीही सहज बरोबर गेलो. तासाभराने परत यावयाचे ते दुपार झाली. त्या रंगाऱ्याने मला जे दाखविले ते कुठल्याही घराण्याच्या तालमीस शोभणारे होते.

पहिली गोष्ट म्हणजे डाग कोणत्या जातीचा हे ओळखणे. पुष्कळसे फराटे हे ओरखडे नसतातच. टायरचे रबर किंवा दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या रंगावर येऊन बसलेला असतो; खालचा रंग शाबूत असतो. त्यावरून नख फिरवावे. नख अडले नाही तर घाबरण्याचे कारण नाही. नख अडले पण जागा ओली केल्यावर ओरखडा दिसेनासा झाला, तर तो वरच्या पारदर्शक थरातच आहे असे समजावे. ओले करूनही पांढरी रेघ दिसत राहिली, किंवा खालचे अस्तर अथवा पत्रा दिसू लागला, तर मग घासून उपयोग नाही. तेथे नवा रंगच भरावा लागतो. घासणारे नवशिके येथेच फसतात. जो डाग घासून जाणार नाही त्यालाच ते सर्वांत जास्त घासतात.

दुसरी गोष्ट धुणे. आमच्या माळव्याची काळी माती वाळली की तिची भुकटी होते, आणि त्या भुकटीत बारीक कच असते. गाडी न धुता कोरड्या फडक्याने पुसली तर एक डाग काढता काढता शंभर बारीक रेघा पडतात. म्हणून आधी सावलीत, पत्रा थंड असताना, भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवावे. मग रबराच्या काळ्या फराट्यावर घासलेटाने किंचित ओले केलेले मऊ फडके ठेवून क्षणभर थांबावे, आणि हलक्या हाताने उचलून घ्यावे. घासू नये, उचलावे. थिनर मात्र नव्याने भरलेल्या रंगाला लावूच नये, तो रंगच विरघळवतो. मग पुन्हा साबणपाणी. एवढ्यानेच त्या गाडीचे निम्मे डाग गेले.

उरलेल्यांसाठी रबिंग. कामगारांच्या भाषेत तो शब्द असाच चालतो. बारीक दाण्याची लुकणासारखी भुकटी असते. आधी सौम्य घ्यावी, तिने भागले नाही तरच कडक. एका वेळी हातभर जागा. यंत्र असेल तर ते एका ठिकाणी थांबू द्यावयाचे नाही, कारण घर्षणाने रंग तापतो. प्लॅस्टिकचा बंपर तर पत्र्यापेक्षा लवकर तापतो, त्याला उष्णता बाहेर टाकता येत नाही. दरवाजाच्या कडा, बॉनेटच्या घड्या, जेथे जेथे पत्रा वळतो तेथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो, म्हणून तेथे हात जपावा. शेवटी मेणाचा हात. आजच्या गाडीवर अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून जाडी जेमतेम एका साध्या कागदाइतकी असते, आणि त्यातला पारदर्शक थर त्याच्याही निम्म्याहून कमी, चाळीस-पन्नास मायक्रॉनांचा. प्रत्येक घासणीला त्यातले थोडे जाते. म्हणजे एका गाडीच्या आयुष्यात किती वेळा ती चमकवता येईल याची शिल्लक ठरलेली आहे.

हे ऐकल्यावर मला ती केशरी-काळी गाडी आठवली. त्या काळच्या रंगावर पारदर्शक थर नसेच. पूर्वी मोटारींना बग्गीसारखा तेलरंग आणि वॉर्निश देत. थरावर थर वाळण्यात आठवडे जात. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत नायट्रोसेल्युलोजचा रंग मोटारींवर आला. तो फवाऱ्याने मारता येई आणि भराभर वाळे. त्यामुळे मोटारी हव्या त्या रंगात मिळू लागल्या, आणि तिसाव्या दशकात विलायती कारखान्यांतून तोच सर्रास वापरला जाई. पण त्या रंगाला वाळल्यावर आपणहून चमक येत नसे. अनेक थर द्यावयाचे, मधूनमधून पाण्याच्या कागदाने घासावयाचे, आणि शेवटची झळाळी हातानेच काढावयाची. पुढे कधीही त्यावर हात फिरवला की फडक्यावर रंग उतरतो. काळ्या भागावरून काळा, केशरीवरून केशरी. म्हणून दोन रंगांच्या गाडीला दोन फडकी. एकाचे फडके दुसऱ्यावर गेले तर केशरीवर काजळी बसते. आणि जेथे दोन रंग मिळतात त्या रेघेवरून हात आडवा न्यावयाचा नाही. रेघेकडून बाहेरच्या बाजूस न्यावा, नाहीतर ती रेघ बोथट होते. म्हाताऱ्याने मला हे एका जुन्या अॅम्बॅसडरच्या दारावर प्रत्यक्ष करून दाखविले. दोन षड्जांमधली जागा ज्याने सांभाळली आहे त्याला ती रेघ सांभाळणे म्हणजे काय हे कळेल.

आमच्या घरी मिरजेचा एक जुना तंबोरा आहे. त्याच्या भोपळ्यावर चपड्याच्या लाखेचे पॉलिश आहे. वडिलांच्या मनगटाच्या घर्षणाने एके ठिकाणी ते उडून आतले पिवळट लाकूड दिसते. पुष्कळांनी ते सारखे करून घ्या म्हणून सांगितले. मी केले नाही. असो, अवांतर झाले.

इंदूर संस्थानच्या रस्त्यांवर त्या ड्युसेनबर्गच्या मडगार्डांनी किती खडे सोसले असतील आणि ते डाग कोणाच्या हातांनी काढले असतील, याची नोंद नाही. मोटारखान्यात नोकरमाणसे होती, त्यांची नावे इतिहासात उरली नाहीत. गाड्यांच्या पुस्तकांत यंत्राचा क्रमांक मिळतो, सांगाड्याचा मिळतो, कारखानदाराचे नाव मिळते. रोज सकाळी दोन फडकी घेऊन उभा राहणारा माणूस त्यांत नाही. आमच्या क्षेत्रातही ख्यालियाचे नाव राहते, तंबोरा जुळवून देणाऱ्याचे राहत नाही.

शर्यतीच्या रंगांवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या काळी देशादेशांचे रंग ठरलेले. फ्रान्सचा निळा, इंग्लंडचा हिरवा, इटलीचा तांबडा, जर्मनीचा पांढरा. १९३४ साली वजनाची मर्यादा ७५० किलोची झाली आणि जर्मनांची गाडी किलोभराने जास्त भरली, म्हणून रातोरात पांढरा रंग खरवडून काढला आणि नुसत्या चंदेरी पत्र्यावर गाडी धावली, अशी आख्यायिका आहे. जाणकार इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. पण रंगालाही वजन असते, ही गोष्ट तिच्यात खरी आहे.

महाराजांच्या आयुष्यातला उजेडाचा काळ अगदी थोडा. माणिकबाग पुरी झाली त्याच १९३३ साली कन्या उषाराजे जन्मल्या. कॉन्स्टंटिन ब्रांकुशी या रुमानियन मूर्तिकाराचे पक्षी महाराजांनी विकत घेतले, एक पितळी, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. या तिघांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधावयाचे असा बेत झाला. आणि १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताराजे निवर्तल्या. वय अवघे बावीस-तेवीस. १९३८ च्या आरंभी ब्रांकुशी इंदुरास येऊन राहिला, पण मंदिराची वीट रचली गेली नाही. तो आला तसा परतला. पक्षी पुढे विखुरले. दोन संगमरवरी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत आणि पितळी कॅलिफोर्नियात पॅसाडेना येथे. मूर्तिकाराने त्या पितळी पक्ष्यांना घासून घासून अशी चमक आणली की पाहणाऱ्याला त्यात पक्षी न दिसता आपलाच चेहरा दिसावा. मी तो पाहिलेला नाही, छायाचित्रावरून सांगतो.

पत्नीच्या निधनानंतर महाराजांचे मन इंदुरात फारसे रमले नाही. पुढची दोन लग्ने अमेरिकन स्त्रियांशी झाली, १९३८ आणि १९४३ साली. कॅलिफोर्नियात घर झाले. प्रजा येथे आणि राजा तेथे, अशी वर्षे गेली. हा त्यांच्यावरचा आरोप खोटा नाही, आणि तो मऊ शब्दांत सांगण्याचे मला कारण दिसत नाही. ज्याचे सारे ऐश्वर्य शेतसाऱ्यावर उभे आहे त्याने शेताजवळ राहावे, एवढी अपेक्षा जास्त नव्हे.

पण तेवढेच सांगून थांबणेही बरोबर नाही. १९३८ साली त्यांनी संस्थानातील सरकारी देवळे हरिजनांना खुली केली. १९४२ च्या मे महिन्यात, युद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना त्यांनी उघड पत्र लिहिले आणि हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. इंग्रजांच्या मांडलिक राजाने असे पत्र लिहिणे ही सरकारच्या दृष्टीने केवढी आगळीक होती, हे त्या काळची शिस्त ठाऊक असलेल्यांना सांगावयास नको. गंभीर नदीवर यशवंतसागर त्यांच्याच कारकीर्दीत झाला. त्या धरणाचे दरवाजे उघडले की पाणी वाहत आमच्या उज्जैनच्या गंभीर धरणात येते. पावसाळ्यात आमचे नळ किती दिवस चालतील याचा हिशेब करताना उज्जैनकर अजूनही यशवंतसागरची पातळी वाचतात.

क्रिकेटचे तर विचारूच नका. कर्नल सी. के. नायडूंना इंदुरात आणून त्यांच्या हाती होळकर संघ दिला गेला, आणि मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर असे मोहरे त्याभोवती जमले. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यास पोहोचला आणि चार वेळा जिंकला. १९४५ च्या अंतिम सामन्यात तर लष्करी नोकरीनिमित्त हिंदुस्थानात असलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ करूनही संघ हरला. त्या सामन्याच्या गोष्टी वडील इतक्या रंगवून सांगत की ते गवई होते की धावफलक लिहिणारे असा प्रश्न पडे. खेळाडूंना लष्करात हुद्दे देऊन पोटापाण्याची सोय करावयाची ही रीत गुणीजनखान्याचीच होती. गायकास जसा दरमहा, तसा गोलंदाजास.

१९४७ साली मात्र महाराज चाचरले. भोपाळच्या नबाबांच्या मसलतीत ते होते आणि सामीलनाम्यावर सही करण्यास त्यांनी फार वेळ लावला. अगदी शेवटच्या घटकेस ती झाली. पुढे २८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघ अस्तित्वात आला. ग्वाल्हेरचे जिवाजीराव राजप्रमुख आणि यशवंतराव उपराजप्रमुख. शिंदे-होळकरांची शेकडो वर्षांची चुरस एका सरकारी फर्मानात बसविली गेली. १९५६ साली ते राज्यही मध्यप्रदेशात विलीन झाले आणि पदही सरले. उरलेली पाच वर्षे प्रकृतीच्या कुरबुरीत गेली. मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा वय पुरते त्रेपन्न.

अलीकडे महाराजांच्या चरित्राला फार झळाळी आणण्याचे काम चालू आहे. १९८० साली माणिकबागेतील सामान मोनॅकोच्या लिलावात गेले आणि त्याला जबर किमती आल्या. २०१९ साली पॅरिसच्या सजावट-कलांच्या संग्रहालयात त्यांच्यावर मोठे प्रदर्शन भरले. त्यांतून जे महाराज दिसतात ते केवळ अभिरुचीचे पुतळे. बावला प्रकरण नाही, कॅलिफोर्निया ओझरते, सामीलनाम्याची कुचंबणा नाहीच. उलट आमच्याकडच्या काही जुन्या मंडळींच्या तोंडी ते निव्वळ उधळे आणि परदेशी वृत्तीचे. मला दोन्ही हातांची घाई दिसते. पत्नी गेल्यानंतरचे त्यांचे दूर राहणे हा वर बसलेला डाग आहे की आत गेलेला ओरखडा, हे नख फिरवून पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही. मला तो आत गेलेला वाटतो.

वडिलांनी महाराजांना जवळून एकदाच पाहिले, १९४७ च्या दसऱ्यास. महाराज उंच, अशक्त आणि शांत होते, एवढेच ते सांगत. कोणता राग गायला गेला हे त्यांना अचूक आठवे, महाराजांचे कपडे मुळीच नाहीत. ड्युसेनबर्ग त्या दिवशी बाहेर काढली होती का, असे मी लहानपणी अनेकदा विचारले. त्यांनी ती पाहिली होती, पण कधी ते नक्की सांगता येत नसे. मोटारखान्याच्या दारातून अर्धी दिसली, केशरी बाजू नव्हे, काळी.

ती गाडी पुढे परदेशी संग्राहकांकडे गेली. आज ती हिंदुस्थानात नाही. तिला पुन्हा नवा केशरी आणि काळा रंग चढला आहे, आणि छायाचित्रांत ती आरशासारखी दिसते. माणिकबागेत केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याची कचेरी थाटली गेली आणि लाल खुर्च्यांच्या जागी सरकारी टेबले आली. इंदूरच्या मोठ्या इस्पितळास महाराजांचे नाव आहे. उज्जैनच्या दवाखान्यात रोगी हाताबाहेर गेला की डॉक्टर नातेवाईकांना एम. वाय.ला न्या म्हणून सांगतात, आणि माणसे रात्री-अपरात्री जीप ठरवून सांवेरच्या रस्त्याला लागतात.